शिडीखालची खुर्ची

अहो आई,

काल मी पुन्हा शिडी चढले. हो, या वयात. बदलापूरच्या एका केमिकल कंपनीनं तपासणीला बोलावलं होतं. निवृत्त झाले तरी लोक मला सोडत नाहीत आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना सोडत नाही. खाली उभी असलेली तरणीताठी पोरं सारखी ‘मॅडम जपून, मॅडम आम्ही बघून सांगतो ना’ करत होती. मी म्हटलं, बाबांनो, तुमच्या डोळ्यांनी मला दिसलं असतं तर मी घरीच बसले नसते का? वर गेले, प्रत्येक पायरीवर हातोडी मारून आवाज ऐकला, शिडीला टाकीशी धरून ठेवणारी ब्रॅकेटं एकेक करून हलवून पाहिली आणि खाली आले. गुडघे कुरकुरले, पण ते देवापुढून उठतानाही कुरकुरतात. घरी आले, चहा केला आणि कप हातात घेतला तर तुमची इतकी आठवण झाली की कागद ओढून बसले. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोला हार घालणारी माझी सून तुम्हाला फक्त फोटोतूनच ओळखते. तिला वाटतं, तुम्ही फार शांत होतात. फोटोत सगळेच शांत असतात. तुमची-माझी ती खंडेनवमीची गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. तुम्हाला ती सांगायची गरज नाही, तुम्ही स्वतःच तिच्यात होतात. पण तिचा एक तुकडा तुम्हालाही ठाऊक नाही, आणि तो माझ्या घशाशी बरीच वर्षं अडकून बसलाय.

लग्न होऊन अंबरनाथ पूर्वेला तुमच्या घरात आले तेव्हा मी कंपनीच्या लॅबमध्ये होते. घरात आपण तिघंच, तुम्ही, मी आणि हे. भोपाळला ते सगळं घडल्यावर आपल्या भागातल्या केमिकल कंपन्यांना एकदम सुरक्षेची आठवण झाली. आमच्याकडेही सुरक्षा अधिकारी नेमायचं ठरलं. मी त्यासाठीचा डिप्लोमा केलेला होता, म्हणून धीर करून साहेबांकडे गेले आणि ती जागा मागितली. साहेब म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर, माणूस तिरसट, पण लबाड नाही. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाले, “दिवाळीपर्यंत बघू. शिड्या तुम्हाला स्वतः चढाव्या लागतील. खालून बघून सही करणारं माणूस मला नको. नाही जमलं तर टाइम ऑफिसात जागा आहे, पंख्याखाली.” ते पंख्याखाली असं काही म्हणाले की मला तो पंखा जन्मात नकोसा झाला.

तुम्हाला तेव्हा मी समजावून सांगायची, आठवतं? टाकीला, छपराला, धुराड्याला कायमच्या ठोकलेल्या त्या लोखंडी शिड्या. उचलून न्यायची शिडी माणूस निदान टेकवताना तरी बघतो. ही आपली वर्षानुवर्षं तिथंच असते, म्हणून तिच्याकडे कुणी बघतच नाही. त्यात आपल्याकडची एक खास खोड. दसरा आला की सगळ्या शिड्यांना चंदेरी रंग फासायचा. गंज खरवडायला वेळ कुणाला? रंगावर रंग, रंगावर रंग. खंडेनवमीला शिडी अशी चकाकते की पाहत राहावं, आणि आत लोखंड किती उरलंय ते देवाला ठाऊक. मी ठरवलं होतं की यंदा रंगाआधी प्रत्येक शिडी ठोकून बघायची. ठरवणं सोपं होतं. पहिल्याच आठवड्यात पदर खोचून, निऱ्या वर घेऊन छपराच्या शिडीवर चढले आणि निम्म्यावर निरी एका बोल्टात अडकली. वर जाता येईना, खाली येता येईना. नेमकी कामाची पाळी सुटलेली, सगळी कंपनी मान वर करून उभी. शेवटी एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातानं साडी टर्रकन फाडली आणि उतरले.

घरी आले तर तुम्ही तांदळाची भाकरी थापत होतात. फाटलेला काठ बघून तुम्ही एवढंच विचारलंत, “कुत्रा लागला काय गो पाठी?” मी रडायच्या बेतात होते, त्यामुळे सगळं भडाभडा सांगून टाकलं, टाइम ऑफिसचंसुद्धा. मला वाटलं, तुम्हाला बरंच वाटेल. सून पंख्याखाली बसेल, चारचौघांत शिड्या चढणार नाही, शेजारपाजारचं तोंड बंद. तुम्ही भाकरी उलटलीत, तिच्यावर पाण्याचा हात फिरवलात आणि म्हणालात की पाचवारीत हे जमायचंच नाही, नऊवारी नेस, कासोटा घाल, बदलापूरला आम्ही जांभळावर तशाच चढायचो. मी हसले. तुम्ही अजिबात हसला नाहीत. रविवारी तुम्ही मला खरोखरच नऊवारी नेसवलीत आणि माळ्याच्या शिडीवर चढवून बघितलंत. दोन पायऱ्यांत माझाच पाय माझ्या ओच्यात आला. तुम्ही वाकून माझा ओचा सोडवलात. मग म्हणालात, “जाऊ दे. उल्हासनगरला जाऊ.”

उल्हासनगरात काय शिवून मिळत नाही! त्या सिंधी शिंप्याच्या दुकानात नव्या कापडाच्या वासात आपण दोघी बाकड्यावर बसलोय, तुम्ही नऊवारीत ताठ, मी अर्धी तुमच्या मागे. त्यानं विचारलं, अम्मा, साहब का नाप लाए हो? तुम्ही तुमच्या त्या धन्य हिंदीत त्याला सांगितलंत की साहेब नाय, बहू का नाप, बहू सीढी चढती. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे, मग आतून बायकोला बोलावून मापं घ्यायला लावली. पॅंट जाड कापडाची, शिवण दुहेरी, वर गुडघ्यापर्यंत सदरा. ओढणीवरून आपलं तिथंच वाजलं. तुमचं म्हणणं, पदर नाही तर ओढणी तरी हवी, बाईच्या जातीला बरं दिसतं. मी म्हटलं, ओढणी अडकली तर गळ्याला फास बसेल. शिंपीण मध्ये पडली, म्हणाली बेटी ठीक बोलती है. तुम्ही तिच्याकडे असं बघितलंत की बिचारी पुन्हा आत गेली. पण ओढणी घेतली नाहीत. अट मात्र घातलीत. घरातून साडीतच निघायचं, पॅंट पिशवीत, कंपनीत गेल्यावर बदलायची. मला ती अट मान्य होती. खरं तर त्या दिवशी तुम्ही पिशवी डोक्यावर घेऊन चाल म्हटलं असतंत तरी मी चालले असते, इतकी मी खुशीत होते.

पॅंट घातल्यावर मी कंपनीतल्या शिड्यांमागे लागले. बहुतेक ठीक होत्या. कुठे पायरी वाकलेली, कुठे वेल्डिंगला चीर, ते होत राहतं. मग एक दिवस ॲसिडच्या टाकीची शिडी चढले. वर पोचून ब्रॅकेटावर हातोडी मारली. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, हे बद्द वाजलं. रंगाची खपली पडली, तिच्याखाली गंजाची. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आत गेला, आई, लोखंडात. बोल्टचं डोकं अलगद माझ्या हातात आलं. वाफांनी वरची दोन्ही ब्रॅकेटं खाऊन टाकली होती. शिडी खालच्या आधारावर आणि वरून सवयीनं उभी होती. मी खाली कशी उतरले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, दुरुस्तीला मंजुरीही दिली, पण परांची बांधणारे सगळे दसऱ्याच्या रंगात अडकलेले, काम दसऱ्यानंतरच होणार होतं. तोवर शिडी बंद. मी तिच्या पायथ्याशी लाल फळा टांगला. वर कवटी आणि हाडं, खाली इंग्रजीत धोका. कामगारांनी नाकं मुरडली, कारण आता त्यांना शेजारच्या टाकीवरून वळसा घालून जावं लागायचं. बाईंनी आमची पायपीट वाढवली, असं माझ्यामागे बोललं जायचं. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आणि मग खंडेनवमी. कामगारांच्या घरच्यांना कंपनी बघायला मिळायची ती त्याच दिवशी. आवारात खुर्च्यांच्या रांगा, यंत्रांवर कुंकवाची स्वस्तिकं, झेंडू, नारळ, पेढ्यांची खोकी. सण म्हणून मीही साडीतच होते. तुम्ही बदलापूर गावातल्या जुन्या घराच्या परसातली झेंडूची फुलं आणून स्वतः ओवलेलं भलं मोठं तोरण घेऊन आलात. आल्या आल्या तुम्ही पूजेचा ताबा घेतलात, बायकांना कामं वाटून दिलीत. मी लांब मुलांना आग विझवायच्या वाळूच्या बादल्या दाखवत होते, तरी तुमचा आवाज ऐकू येत होता. मला गंमत वाटत होती, खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटत होता. मुलांना सोडून मी टाक्यांकडे वळले आणि पाहते तर त्या शिडीला झेंडूच्या माळा. कुंकू. फळा दिसत नाही. आणि आमचे जुने फिटर काका ते मोठं तोरण खांद्यावर टाकून शिडीच्या मध्याच्याही वर पोचलेले.

टाकीच्या माथ्यावर तोरण बांधायचा मान दरवर्षी त्यांचा असायचा. ते सुट्टीवर साताऱ्याकडे गावी गेले होते, त्याच सकाळी कामावर आलेले. शिडी बंद केल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारा फळा तिथं नव्हता. ओरडले तर ते दचकतील, म्हणून मी अगदी जवळ गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, “काका, आहात तिथेच थांबा. वरचं ब्रॅकेट सुटलंय. हळूहळू खाली या.” ते वरूनच हसले. आता आलोच हाय तर बांधून येतो की मॅडम, म्हणाले, हात पोचतोय. मी म्हटलं, नाही. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की मी गंमत करत नाहीये. पण तोरणाचं ओझं एका हातात, उतरायला दोन्ही हात हवेत. तोरण खाली टाका, असं म्हटलं तर ते कळवळले. पूजेचं तोरण जमिनीवर? खंडेनवमीला? तो माणूस जीव टाकेल पण तोरण टाकणार नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. भोवती माणसं जमली होती आणि त्यांच्यातलाही एक जण टाका म्हणत नव्हता. शिडीवर माणूस असताना शिडीखाली उभं राहायचं नाही हा नियम मीच सगळ्यांना शिकवत होते. मी शिडीखाली जाऊन उभी राहिले, पदर दोन्ही हातांनी पसरला आणि म्हटलं, “माझ्या पदरात टाका.” त्यांनी टाकलं. ओल्या झेंडूचं वजन धपकन पदरात आलं. मग काका दोन्ही हातांनी शिडी धरून एकेक पाय खाली टेकवत उतरले.

साहेब येऊन उभे होते. फळा कुठाय, त्यांनी विचारलं. आणि गर्दीतून तुम्ही पुढे आलात. काही चुकलंय असं तुमच्या गावीही नव्हतं. “मी उलटा करून त्या तिथं ठेवलाय,” तुम्ही म्हणालात. “सणाच्या दिवशी मढ्याची कवटी कोण टांगतं गो?” माझ्या पदरात ते तोरण अजून तसंच होतं, आणि माझा ताबा सुटला. “आई, इथल्या फळ्याला हात लावायचा नाही. कुणीच नाही. तुम्हीसुद्धा नाही. आज माणूस गेला असता.” एवढं चारचौघांत, साहेबांसमोर, सगळ्यांच्या बायका-मुलांसमोर. त्या काळात सून सासूला अशी बोलते? माझ्याच कानांना ते खरं वाटेना. तुमचा चेहरा उतरला. तुम्ही काकांकडे बघितलंत, मग वर शिडीच्या टोकाकडे बघितलंत, बराच वेळ. मला वाटलं, आता तुम्ही पिशवी उचलून चालू लागाल, आणि संध्याकाळपर्यंत माझं बिऱ्हाड वेगळं होईल.

तुम्ही रांगेतली एक लोखंडी खुर्ची उचललीत, खडखडत ओढत आणलीत, त्या शिडीच्या पायथ्याशी मांडलीत आणि तिच्यावर बसलात. फळा उचलून, कवटी बाहेर करून, मांडीवर उभा धरलात. पूजा झाली, आरती झाली, पेढे वाटले, तुम्ही उठला नाहीत. जवळ येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतात, शिडी बंद हाय, सूनबाईनी सांगितलंय. पोरांना सांगितलंत. कंत्राटदाराला सांगितलंत. मालक कुंकवाचं ताट घेऊन टाकीची पूजा करायला आले तर त्यांनाही सांगितलंत, मालक, तिकडून करा, शिडी बंद हाय. मालक निमूटपणे तिकडून गेले. मी लांबून बघत होते. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही दाबायला मी मुलांना पुन्हा आगीच्या बादल्या दाखवायला गेले. घरच्या मंडळींची शेवटची बस निघेपर्यंत तुम्ही तिथं बसून होतात.

घरी आल्यावर तुम्ही थेट स्वयंपाकाला लागलात. दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं देऊन तुमच्या पाया पडले तेव्हा तुम्ही आपट्याचं पान मुठीत धरून म्हणालात, “घरात बोलली असतीस तर मी ऐकलं नसतं. तिथं बोललीस ते बरं केलंस.” मी काही म्हणायच्या आत तुमची गाडी पुढे सुरू झाली, की तो फळा आधी बदल, कवटी बघून माणूस देवाचं नाव घेतो, पण का चढायचं नाही ते त्याला कुठं कळतं? आणि ते पिशवीचं नाटक आता पुरे, घरून पॅंट घालूनच जात जा, दोनदा काय नेसतेस. पुढच्याच आठवड्यात मी मराठीत आणि हिंदीत नवे फळे रंगवून घेतले. वर कारण लिहिलं, खाली ‘चढू नका’. परांची बांधून वर गेलेल्या माणसानं त्या ब्रॅकेटाला नुसती पहार लावली तर ते तुकडे होऊन खाली आलं. फिटर काकांनी एक तुकडा उचलला, बोटांनी चुरून बघितला आणि खिशात टाकून निघून गेले. नंतर त्यांनी मला कधी ‘आलोच हाय तर’ म्हटलं नाही.

त्यानंतर तुमचंही काही सांगायची सोय उरली नाही. आपल्या इमारतीत दिव्याचं काम करायला माणूस आला की तुम्ही आधी त्याची शिडी हलवून बघायचात. शिवमंदिरात मंडपवाल्यांना तुम्ही खाली उतरवलं होतंत, ते गाऱ्हाणं माझ्याकडे आलं होतं. शेवटच्या आजारपणात दवाखान्यातल्या खाटेजवळचं पायरीचं स्टूल डुगडुगतं म्हणून तुम्ही नर्सला ते बदलायला लावलंत, आणि ती बाई मला म्हणाली, तुमच्या सासूबाई कुठल्या कंपनीत होत्या हो? मी म्हटलं, आमच्याच.

आता तो तुकडा. दिवाळीच्या आधी साहेबांनी बोलावलं आणि नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं. मी धावत घरी आले, तुम्ही चकल्या पाडत होतात. तुम्ही विचारलंत, काय म्हणाला सायेब? मी सांगितलं, माझं काम चांगलं आहे म्हणाले. तुम्ही गरम चकली माझ्या तोंडात घातलीत आणि विषय तिथं संपला. पण साहेब तसं म्हणालेच नव्हते. ते म्हणाले होते, “ब्रॅकेट गंजलेलं आहे हे दुसऱ्यालाही कळलं असतं. पण तुम्ही सांगितलंत आणि तुमची सासू दिवसभर तिथून हलली नाही. ते बघून मी ठरवलं. जिचं सासू ऐकते, तिचं माझे कामगार ऐकतील.” तेव्हा मी तरुण होते, वाटलं, एवढ्या शिड्या मी चढले आणि नोकरी मिळाली ती तुमच्या बसण्यानं? म्हणून बोलले नाही. पुढे तो रुसवा गेला, पण तोवर तुम्ही इमारतीत सगळ्यांना त्या खुर्चीवरच्या पहाऱ्याबद्दल इतकं काही सांगून बसला होतात की म्हटलं, ही आणखी भर नको. हा कागद कुठे टाकायचा नाहीये, तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि सुनेच्या हाती लागला तर तिलाही उगाच कल्पना सुचतील. तेव्हा फाडून टाकीन. पण आई, ती नोकरी तुमच्यामुळे पक्की झाली. मी जन्मभर ज्या पगारावर, ज्या मानावर जगले, तो त्या खुर्चीवरून आला. झालं, सांगितलं एकदाचं. बसा आता माझ्या डोक्यावर.